खालचा सूर

गेल्या दिवाळीत याच पानावर मी माझ्या चष्म्याच्या वाढत्या नंबराचे रडगाणे गायिले होते, ते काही वाचकांच्या लक्षात असेल. त्यावर एका वाचकांनी पत्र टाकून सल्ला दिला, "डोळ्यांना जरा विश्रांती द्या आणि कानांना कामाला लावा." सल्ला देणाऱ्याला तो कोणी ऐकेल अशी अपेक्षा नसते, म्हणून तर सल्ले इतक्या सढळ हाताने दिले जातात. मी मात्र तो ऐकला. परिणाम असा झाला, की वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी तंतुवाद्य शिकू लागलो आहे.

तंतुवाद्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सतार आली असेल, सारंगी आली असेल. मांडी घालून बसलेला, खांद्यावर शाल घेतलेला एखादा भारदस्त गृहस्थ आला असेल. तो गृहस्थ कृपा करून परत पाठवा. माझ्या वाद्याचे नाव आहे युकुलेले बास. हे नाव मी स्टाफरूममध्ये पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा भूगोलाच्या सहकाऱ्यांनी ते कोणत्या खंडात येते असे विचारले.

खोके आले ते भर दुपारी. कुरिअरवाला सही घेऊन गेला आणि आमच्या आईने चष्मा सावरीत आत डोकावून पाहिले. दीड-दोन हातांचे लाकडी अंग, त्यावर चार काळ्या, जाडजूड तारा. ती अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ? पोरेसनं खेळनं शे का?"

"वाद्य शे, माय," मी म्हणालो.

"मंग इतलंसं काबर?"

एम. ए. झालेल्या माणसाला आईच्या प्रश्नाचे उत्तर चटकन येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. पण प्रश्न बिनतोड होता. वाद्य इतकेसे, आणि आवाज मात्र एखाद्या रांजणातून यावा तसा. याचे उत्तर मी नंतर शोधून काढले, ते इथेच देऊन टाकतो. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन. नेहमीच्या बास गिटारची तार साधारण ३४ इंच लांब असते. माझ्या वाद्याची जेमतेम २१ इंच भरते. तार आखूड झाली की सूर वर चढायला हवा. त्यावर तोड काढली ती अशी, की तार जाड करायची आणि ढिली ठेवायची. ओवेन होल्ट नावाच्या अमेरिकन कारागिराने धातूऐवजी पॉलियुरेथेनच्या, हाताला रबरासारख्या लागणाऱ्या तारा वापरल्या, 'काला' नावाच्या कंपनीने ते वाद्य बाजारात आणले, आणि मग त्याच्या स्वस्त भावंडांची रांग लागली. माझे त्या रांगेतले. किंमत साडेअकरा हजार. म्हणजे आमच्याकडच्या बऱ्यापैकी मोबाइलपेक्षा कमी. सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने ८२. म्हणजे आमची तार तिच्याही एक सप्तक खाली.

आईला मी एवढेच सांगितले, की तार जाड आहे म्हणून आवाज जाड आहे. तिचे समाधान झाले. विद्यापीठाच्या परीक्षेत याला निम्मे गुण मिळाले असते.

आता कोणी म्हणेल, पांझरेच्या काठी राहणाऱ्या माणसाने हे परदेशी खूळ घरात आणायचे कारण काय? हाच आक्षेप आमच्या मराठी विभागातही निघाला. त्यांना मी विचारले, भजनातली पेटी कुठली? पॅरिसची. १८४०च्या सुमारास तिकडे जन्मलेली ही बाई इकडे येऊन पायाची हाताने वाजू लागली, मांडी घालून बसली, आणि अशी काही घरची झाली की तिच्यावाचून एकादशी उजाडेना. ती परकी आहे, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून रेडिओने १९४० साली तिला मज्जाव केला. तो उठायला १९७१ साल उजाडले. तोवर खेड्यापाड्यांतली भजनी मंडळे रेडिओला न विचारता तिचा भाता हलवीतच होती. आमच्या खानदेशात वरातीपुढे जी बँजो पार्टी वाजते, तिच्यातल्या बँजोचा अमेरिकेतल्या बँजोशी संबंध नावापुरता. तो बुलबुलतरंगाचा भाऊ. आणि बुलबुलतरंगाचे मूळ आहे जपानातले तैशोगोतो, नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकयंत्रासारख्या कळा बसवून बनवलेले. जपानी यंत्रावर आमचा नवरदेव पारावरून मांडवाकडे निघतो आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

युकुलेलेची हकीकत तर मजुरांची आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज मदेरा बेटावरची पोर्तुगीज माणसे घेऊन होनोलुलू बंदराला लागले. उसाच्या मळ्यांत राबायला आलेली ही माणसे. त्यांच्यात तिघे सुतार होते: मान्वेल नुनीश, ऑगुस्तो दियश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु. त्यांच्या गावाकडे एक लहानसे चार तारांचे वाद्य होते, त्यावरून त्यांनी हवाई बेटांत जे घडवले ते युकुलेले. हवाई भाषेत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणे, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. वाजवणाऱ्याची बोटे पिसवेसारखी उड्या मारतात म्हणून. व्युत्पत्ती दिसली की माझ्यासारख्या माणसाला भूक लागते, तेव्हा इथेच थांबतो. माझी बोटे पिसवेसारखी उडत नाहीत, बैलासारखी चालतात, एवढे मात्र नमूद करून ठेवले पाहिजे.

पण मी बासच का निवडला, हे सांगायचे राहिले. निवडला नाही, निवडून दिला गेला. माझा एक माजी विद्यार्थी साक्रीकडे असतो आणि लग्नसराईत एका वाद्यवृंदात वाजवतो. त्याला मी मराठीत छत्तीस गुण दिले होते. ते मला आठवत नव्हते. त्याने हसत हसत आठवण करून दिली. मी त्याला विचारले, "अरे, या वयात मला काय जमेल? पेटी मी कॉलेजात असताना तीन महिने शिकून सोडली आहे. बासरीला दम लागतो. सतारीला जन्म लागतो."

तो म्हणाला, "सर, तुम्ही बास घ्या. बास चुकला तर लोकांना कळत नाही."

मला हे फारच सोयीचे वाटले. मी लगेच होकार दिला. मग तो जरा थांबून म्हणाला, "पण सर, थांबला तर कळतं."

हे पुढचे वाक्य मी त्या दिवशी नीटसे ऐकले नाही.

सिनेमातली जुनी गाणी आपण किती ऐकली! गायक कोण, गीत कोणाचे, हे आपण शपथेवर सांगू. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव मात्र मी चाळिशी उलटेपर्यंत ऐकले नव्हते. आता एखादे गाणे लागले की मी शब्द सोडून खालचे ऐकत बसतो. गाणे तेच, पण जणू इतकी वर्षे मी एका घराच्या गच्चीवरच राहत होतो आणि तळमजला आज पाहिला.

शिकवणी सुरू झाली. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, त्यांचे सामान ठेवायच्या खोलीत. माजी विद्यार्थी गुरू झाला की एक अडचण होते: त्याला 'चुकलं' म्हणता येत नाही. तो म्हणे, "बरं आहे सर." काही दिवसांनी मला ही लिपी वाचता येऊ लागली. 'छान सर' म्हणजे चालेल. 'बरं आहे सर' म्हणजे चुकले. आणि तो नुसता 'हं' म्हणून खिडकीबाहेर पाहू लागला, की मग काही विचारूच नये.

ज्यांना या वयात असे काही करायचे असेल, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. नव्या तारा पहिले काही आठवडे सैलावत राहतात. सकाळी सूर लावावा आणि संध्याकाळी तो उतरलेला असावा. यात आपल्या कानाचा दोष नाही, धीर धरावा. सूर लावायला मोबाइलवर ॲप मिळते; त्यातला काटा मध्यावर आला की हिरवा दिवा लागतो, आणि तो हिरवा दिवा पाहून जो आनंद होतो तो पीएच.डी.च्या व्हायव्हालाही होत नसावा. बोट पडद्यावर ठेवायचे नाही, पडद्याच्या लगत मागे ठेवायचे. रबरी तारेला घामेजलेले बोट चिकटते, म्हणून वाजवणारे बोटांना टाल्कम पावडर लावतात. मला तिची गरज पडली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या बोटांच्या रेषांत खडूची भुकटी कायमची बसलेली आहे; अध्यापनाचा असा प्रत्यक्ष उपयोग मला प्रथमच झाला.

चार तारांची रचना मात्र आपल्या माणसाला थोडी चक्रावते. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर लावलेली. पण दुसरी तार, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा, षड्ज धरली, की पहिली तार आपोआप खालचा पंचम होते. तंबोऱ्यातल्या दोन तारा तयार! मिरजेच्या कारागिरांनी दीडेकशे वर्षे भोपळे कोरून जे साधले, त्याच्या जवळपास जातो असे म्हणण्याचा आगाऊपणा मी करीत नाही. पण रात्री जेवणे झाल्यावर ओटीवर बसून सा आणि प, सा आणि प, असे अर्धा तास नुसते छेडत राहिले तरी दिवसभराचे पेपर तपासलेले डोके निवते. बाहेरचा अँप लावला नाही, तर याचा आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत झोपलेले माणूसही उठत नाही. मध्यमवर्गीय घरासाठी यापेक्षा सोयीचे वाद्य नसेल.

हे खालचे, न दिसणारे वाजवणे आपल्याला नवे नाही, हे हळूहळू माझ्या ध्यानात येत गेले. गोंधळ्यांचे तुणतुणे घ्या. एक तार, एक सूर. भाषेने त्या बिचाऱ्याची काय गत केली! 'आपलेच तुणतुणे वाजवणे' म्हणजे दुसऱ्याचे न ऐकणे. वस्तुतः तुणतुणेवाला रात्रभर दुसऱ्याचेच ऐकत असतो. आमच्या पिंपळनेरला खंडोजी महाराजांचा नामसप्ताह होतो. सप्ताह म्हटला की वीणा आली. ती सात दिवस, अहोरात्र, जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहारा बदलत जातो, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. माझे वडील पहाटे दोन ते चारच्या पहाऱ्याला उभे राहत. लहानपणी मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मंडपात दोन म्हातारे पेंगत होते आणि एक कुत्रे. मी विचारले, "दादा, ऐकायला कोणीच नाही, मग कशाला वाजवता?" ते म्हणाले, "चारला येणाऱ्याच्या हाती चालू वीणा द्यायची असते." त्या वयात मला ते उत्तर वाटले नाही. पुढे कॉलेजात गेल्यावर तर वडिलांची टाळ-वीणा मला जरा खेडवळच वाटू लागली. आपण साहित्याचे विद्यार्थी! वडील आज नाहीत. त्यांच्या गळ्यातली वीणा एक रात्रही मी घेतली नाही.

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ मी जिच्याभोवती घिरट्या घालीत होतो.

एका रविवारी गुरूच्या खोलीत त्यांच्या वाद्यवृंदातला एकोणीस-वीस वर्षांचा एक ड्रमवाला बसला होता. तो मला ओळखत नव्हता. माझे वाजवणे दोन मिनिटे ऐकून तो म्हणाला, "काका, तुमचं बोट दर वेळी उशिरा पडतंय. तुम्हाला ऐकू येत नाही का?" बाकीची पोरे हसली. वाईट हेतूने नव्हे. हसण्यासारखे होते म्हणून हसली. मीही हसलो. गुरूने त्याला डोळे मोठे करून गप्प केले, त्याने तर मला अधिकच मेल्यासारखे झाले. कानाच्या पाळ्या तापल्या, ते मला अजून आठवते. पोरगा म्हणाला ते खरे होते, हेही तेव्हाच कळले होते. तरीही घरी येऊन वाद्य मी कपाटावर ठेवले आणि आठ दिवस त्याला हात लावला नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी कपाटाकडे पाहत बसलो होतो. आत सौ. पोळ्या लाटीत होती. घर अगदी शांत होते. आणि एकाएकी मला आठवले, की हे घर पूर्वी शांत नसे.

आमचे लग्न झाले त्याला एकवीस वर्षे झाली. ती शिरपूरकडची. आवाज गोड, शिकलेला नव्हे, पण गोड. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत माझे तीन-चार सहकारी फराळाला आले होते. कोणीतरी आग्रह केला आणि तिने एक भावगीत म्हटले. गाण्यात 'पाणी' हा शब्द होता. तो तिने आमच्या बोलीप्रमाणे 'पानी' असा उच्चारला. गाणे संपल्यावर सगळे वाहवा म्हणत असताना मी, मराठीचा नवा कोरा अधिव्याख्याता, म्हणालो, "छान! फक्त तेवढं 'पानी' नको, 'पाणी' म्हण. ण मूर्धन्य आहे." आणि मूर्धन्य म्हणजे काय, जीभ टाळूला कुठे लागते, हेही समजावून सांगितले. मंडळी हसली. तीही हसली आणि चहा टाकायला आत गेली.

त्यानंतर ती माझ्यासमोर गायिली नाही. भांडण झाले नाही, अबोला झाला नाही. कानबाईच्या रात्री बायकांत बसून गात असे. मी दारात आलो की आवाज खाली जाई. मी समजत होतो, संसारात पडल्यावर छंद असे सुटतातच. कोणी विचारले तर 'आमच्या सौ.ना गाण्याची आवड होती' असेही मी सांगत असे. 'होती'!

यातली खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. त्याच सत्रात मी वर्गात बहिणाबाई शिकवीत होतो. जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई, अक्षर न शिकलेली. दळताना, शेतात राबताना गाणी रचायची आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. खानदेशच्या बोलीचे सामर्थ्य, तिच्यातला गोडवा, प्रमाणभाषेला तिने दिलेली जिवंत माती, यावर मी दोन तासिका रंगून बोललो होतो. विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन मी पाण्याचा ण दुरुस्त केला. आणि अहिराणी तर माझीही मायबोली. आईशी मी आजही दुसऱ्या भाषेत बोलत नाही.

त्या ड्रमवाल्या पोराच्या एका वाक्याने मला आठ दिवस पुरले होते. आणि तो परका होता.

रात्री मी विषय काढला. ती मेथी निवडत होती. मी आडवळणाने सुरुवात केली. आम्हा मास्तरांना सरळ सुरुवात येत नाही. शेवटी म्हणालो, "ते त्या दिवाळीचं, पाण्याचं... माझं चुकलं."

"काय बाई तुमचं एकेक!" ती म्हणाली. "मला काय आठवतंय आता ते." मेथीच्या दोन काड्या बाजूला गेल्या. "जांभळी साडी होती माझ्या अंगावर. तुमचे ते इंग्रजीचे सर खिडकीशी बसले होते, त्यांनी तिसरी करंजी घेतली होती. बाकी मला काही आठवत नाही."

त्यावर मी काय बोलणार? मेथीची एक जुडी पुढे ओढली आणि निवडू लागलो. तिने माझी निवडलेली पाने पुन्हा एकदा निवडली.

वाद्य कपाटावरून खाली आले. असेच चार-सहा दिवस गेले. एका संध्याकाळी ओटीवर मी दुसरी तार मोकळीच छेडत बसलो होतो. सा, आणि नुसता सा. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्याबरोबर तिचे काहीतरी गुणगुणणे, नेहमीचे, तोंडातल्या तोंडात. हळूहळू माझ्या ध्यानात आले, की ते गुणगुणणे माझ्या तारेवर येऊन बसले आहे. मी खालची तार छेडली, पंचम. ते हलले नाही. पुन्हा सा. माझा ठेका सुटला, एक ठोका भलतीकडेच पडला. तिकडे काही फरक पडला नाही. तीन-चार मिनिटे हे चालले असेल. मला इतका आनंद झाला, की मी ओरडून म्हणालो, "अगं, तुझा षड्ज अगदी बरोबर पांढरी सहाला लागलाय!"

गुणगुणणे बंद. नुसती भाकरी.

मास्तर पुन्हा बोलला होता. पुढे दहा-बारा दिवस मी रोज त्याच वेळी, त्याच जागी बसून तीच तार छेडीत राहिलो आणि तोंड उघडले नाही. अकराव्या की बाराव्या दिवशी ते परत आले. मी वर पाहिलेसुद्धा नाही.

मग श्रावण आला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला डोळे-नाक, साज, नथ. चौरंगाला केळीचे खांब. भाऊबंद कुठेही पांगलेले असोत, सुरतेहून, पुण्याहून या दिवशी एका घरी जमतात. घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येने मोजून गहू घ्यायचे, त्यांचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदकीतच खायचे. रात्रभर जागरण, बायकांची गाणी, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. या वर्षी कानबाई आमच्या चुलतभावाकडे होती.

मी वाद्य नेले नव्हते. आईनेच पुतण्याला पाठवून मागवले. "भाऊनं खेळनं लई ये," असे तिने त्याला सांगितले, हे त्याने सर्वांसमोर जाहीर केले. हशा झाला. मी भिंतीला टेकून, पुरुषांच्या आणि बायकांच्या मधल्या उंबऱ्यापाशी बसलो.

तयारी माझी पांढरी सहाची. बायकांनी गाणे उचलले ते आपल्या मर्जीने. ते ना पांढरी सहा, ना काळी चार. दोन पडद्यांच्या बरोबर मध्ये. मोबाइलमधला काटा लाल दिव्यावर थयथयाट करू लागला. तो मी खिशात घातला आणि खुंटी हळूहळू उतरवत नेली. कान त्यांच्याकडे, बोट तारेवर. दोन गाणी याच्यातच गेली. तिसऱ्याला तार मिळाली. मग एकच सूर, पाय पडल्यासारखा, ओळीगणिक दोनदा. कोणाला ऐकू येत होता की नाही, कोण जाणे. माझ्या शेजारचा चुलतभाऊ म्हणाला, जमिनीतून काहीतरी हलल्यासारखं वाटतंय.

सौ. पुढे बसली होती, माझ्याकडे पाठ करून. ओळ ती उचलत होती आणि बाकीच्या तिच्यामागून. मी उंबऱ्यात होतो आणि आवाज खाली गेला नव्हता.

रात्री दोनच्या सुमारास माझे बोट भरून आले. फोड आला असावा. एवढ्या कल्लोळात आपण आहोत काय आणि नाही काय, असे म्हणून मी हात मांडीवर ठेवला. दोन ओळी गेल्या. तिसरी संपवून, पुढची उचलण्याआधी, मान न वळवता ती म्हणाली, "थांबलात का?"

मी मधले बोट लावले. त्या गाण्यात 'पाणी' तीनदा आले. तिन्ही वेळा ती 'पानी' म्हणाली. चौथ्यांदा येईल म्हणून मी कान देऊन बसलो होतो, पण गाणे तिथेच संपले, आणि आई कोपऱ्यातून म्हणाली, "आखो एक म्हना वं, अजून रात शे."